सिटकॉममधील संवादभाषा आणि विनोद

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकांत, म्हणजेच सिटकॉममध्ये, शारीरिक विनोदाला स्थान असले, तरी कथानक पुढे नेण्याचे आणि हसवण्याचे दुहेरी काम बहुधा संवादांकडेच असते. या संवादांना दोन श्रोते असतात : समोरचे पात्र आणि प्रेक्षक. बोलणारे पात्र पुष्कळदा अत्यंत गंभीरपणे बोलत असते; त्याच वाक्यातला दुसरा अर्थ फक्त प्रेक्षकाला कळतो, आणि या अंतरातून हशा निर्माण होतो. आपण विनोद करत आहोत हे पात्राला उमगले, की तो बहुधा फिका पडतो.

भाषातत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले, की संभाषण परस्परसहकार्यावर चालते आणि आपले बोलणे पुरेसे, खरे, प्रस्तुत व सुस्पष्ट असेल, असे त्यात गृहीत असते. सिटकॉमचे लेखक हेच संकेत पद्धतशीरपणे मोडतात. ‘माझे भाषण कसे झाले?’ या प्रश्नाला ‘माइक उत्तम होता’ असे उत्तर मिळते, तेव्हा वाक्यातला शब्द न् शब्द खरा असूनही टीका न उच्चारता पोहोचते. ‘दारावर कोण आहे ते बघतोस का?’ असे विचारल्यावर ‘बघतो की रोज’ म्हणून जागचे न हलणारे पात्र विनंतीला निव्वळ प्रश्न समजते. सुस्पष्टतेच्या संकेताचा भंग ‘यस मिनिस्टर’ (१९८०–८४) या ब्रिटिश मालिकेत विशेष रंगला आहे : तिच्यातील सर हम्फ्री हा ज्येष्ठ सनदी अधिकारी साधा नकारसुद्धा इतक्या लांबलचक, निर्दोष वाक्यांत गुंडाळतो, की मंत्र्याला तो नकार आहे हे समजायलाच वेळ लागतो.

भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रास्किन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार विनोदी संहिता परस्परविरोधी अशा दोन अर्थचौकटींत बसते. त्यांतली एक गृहीत धरून ऐकणाऱ्याला शेवटचा शब्द अचानक दुसरीत ढकलतो. हे विवेचन सुट्या विनोदाला नेमके लागू पडते. मालिकेत मात्र पात्राच्या स्वभावाचे संचित भाग दर भाग वाढत जाते आणि एरवी निरुपद्रवी असणारे ‘बरं’सुद्धा विशिष्ट पात्राच्या तोंडी हशा मिळवते. ठरावीक पालुपदांचे बळ हेच. नवशिक्या प्रेक्षकाला त्यांत हसण्यासारखे काहीच दिसत नाही.

शब्दक्रमालाही महत्त्व आहे. कलाटणी देणारा शब्द वाक्याच्या शेवटी यावा, कारण त्यानंतरचे शब्द हशात बुडतात. मराठीत क्रियापद सहसा अखेरीस येत असल्याने लेखक ते गाळतात किंवा अलीकडे ओढतात : ‘त्याने एकच गोष्ट वेळेवर केली, जेवण.’

श्लेष आणि उच्चारसाम्य मूळ भाषेच्या ध्वनींना बांधलेले असल्याने ध्वन्यंतरात, म्हणजेच डबिंगमध्ये, ते क्वचितच टिकतात. गैरसमजावर उभे असलेले विनोद मात्र बरेचसे शाबूत राहतात. ज्या मालिकांत मूळ ध्वनिफितीतला मुद्रित हशा (लाफ ट्रॅक) कायम ठेवला जातो, तेथे अनुवादकाची अडचण आणखी वाढते, कारण मूळ श्लेष हरवला तरी हशा ठरल्या क्षणी वाजतोच आणि त्याच्या आधीच्या मोजक्या सेकंदांत बसेल असा नवा विनोद रचणे भाग पडते.