कृत्रिम गुडघा झिजतो कुठं, आणि सैल का होतो

सांगलीहून मिरजेला जाताना रस्त्याकडेला हल्ली गुडघ्याचे बोर्ड फार वाढलेत. कुठं "३० वर्षं टिकणारा गुडघा", कुठं "रोबोटिक सर्जरी, दुसऱ्या दिवशी चाला", आणि एखाद्या बोर्डावर तर गुडघ्यातलं वंगण परत तयार करणारं तेल. ऑपरेशन ठरलेली माणसं मग हेच विचारत बसतात की तीस वर्षांचा घ्यावा का साधा, जसं काही गुडघा म्हणजे गॅरंटी कार्डासकट येणारी वस्तू आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण कृत्रिम गुडघा खराब कसा होतो ही गोष्ट मला विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते आणि ती पेशंटला कोणी सांगतच नाही.

आधी वंगणाचं. म्हातारपणी गुडघा दुखतो तेव्हा बहुतेक वेळा हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा, आपण जिला गादी म्हणतो, ती झिजलेली असते. वंगण संपलेलं नसतं, उलट अशा गुडघ्यात पाणी जास्तच साठतं, डॉक्टर सुईनं काढतात ते हेच. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात त्यामुळं ती एकदा गेली की धड भरून येत नाही, आणि कातडीवर चोळलेलं तेल तिथं जाऊन तिला उगवत तर नाहीच नाही. चोळण्यानं बरं वाटतं, जरूर चोळा, पण त्यासाठी हजारो रुपयांची बाटली कशाला?

दुसरा गैरसमज म्हणजे पूर्ण गुडघा काढून नवा बसवतात हा. तसं नसतं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा साधारण ८ ते १० मिलिमीटर भाग कापतात. वर कोबाल्ट-क्रोमियमचं गोलसर आवरण बसतं, खाली टायटॅनियमचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा चपटा ट्रे बसतो, आणि दोन्हींच्या मधे प्लॅस्टिकची जाड चकती. बाजूचे लिगामेंट म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, स्नायू, कातडी सगळं तुमचंच राहतं. म्हणून तर ऑपरेशन तास-दीड तासाचं आणि व्यायाम महिनोन्‌महिने.

आता ती चकती. सगळा खेळ तिचाच आहे.

तिचं नाव अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिथिलीन. मूळ रसायन तेच जे आपल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं, फक्त रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब, रेणुभार ३० लाखांच्या वर. हे शरीरात आलं कसं तर ब्रिटनमधले सर्जन जॉन चार्नली खुब्याचा कृत्रिम सांधा बनवत होते आणि त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं, नॉनस्टिक तव्यावरचं तेच, कारण घर्षण सगळ्यात कमी. दोन-तीन वर्षांत ते झिजलं आणि आजूबाजूला त्याच्या भुकटीमुळं गाठी झाल्या. १९६२ मध्ये एक विक्रेता यंत्रमागाच्या गिअरसाठी वापरात असलेलं हे पॉलिथिलीन घेऊन त्यांच्या लॅबमध्ये आला, तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते मशीनवर घासून बघितलं आणि टिकाऊपणात टेफ्लॉन त्याच्या आसपासही नव्हतं. चार्नलींनी दोन्हींचे कण स्वतःच्या मांडीत घालून शरीर काय करतं ते बघितलं, टेफ्लॉनला गाठी आल्या, पॉलिथिलीनला जवळजवळ काहीच नाही. विटा गावच्या किंवा इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट ऐकला की मला दरवेळी हे आठवतं, की आज जगभर लाखो माणसं ज्यावर चालतायत ते मटेरियल माग चालवायला म्हणून आलं होतं.

पण "जवळजवळ काहीच नाही" यातच पुढची सगळी भानगड होती. तुम्ही दिवसाला ५,००० पावलं चाललात तर एका पायावर २,५०० पडतात, म्हणजे वर्षाला नऊ लाखांच्या वर. आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना उतरताना जवळपास साडेतीन पट. हे आकडे अंदाजानं काढलेले नाहीत, बर्लिनच्या संशोधकांनी सेन्सर बसवलेले गुडघे पेशंटमध्ये घालून प्रत्यक्ष मोजलेत. एवढ्या घासण्यानं चकतीचे कण सुटतात आणि त्यातले कितीतरी एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक असतात. मॅक्रोफेज नावाच्या आपल्या भक्षक पेशींना वाटतं की जंतू आला, त्या कण गिळतात, पण पॉलिथिलीन पचवणारं एन्झाइमच आपल्याकडं नाही. मग ती पेशी चिडलेली राहते आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन असे रासायनिक संदेश सोडत राहते, त्यानं हाडातल्या पेशींकडून रँक-लिगँड नावाचं प्रथिन वाढतं, आणि ते ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतं. हाड खाणाऱ्या पेशी एरवीही असतातच, हाड मोडायचं आणि नवं बांधायचं हे शरीरात आयुष्यभर चालू असतं, फक्त इथं तोल खाण्याच्या बाजूला जातो. इम्प्लांट म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम भागांभोवतीचं हाड पोखरतं आणि एक दिवस इम्प्लांट हलायला लागतं. म्हणजे धातू तुटत नाही, तो हाडाला धरून ठेवणारं सिमेंटही बऱ्याचदा ठीक असतं, आपलंच शरीर आपलं हाड खातं, तेही जंतू समजून प्लॅस्टिकशी लढताना. सुरुवातीला डॉक्टरसुद्धा याला सिमेंटचा आजार म्हणायचे, नंतर बिनसिमेंटच्या सांध्यांतही तेच दिसलं तेव्हा सिमेंट निर्दोष सुटलं.

यातच अजून एक प्रकरण. चकती निर्जंतुक करायला गॅमा किरण वापरायचे आणि पाकिटात साधी हवा असायची. किरणांनी पॉलिथिलीनचे बंध तुटून फ्री रॅडिकल म्हणजे जोडीदार शोधणारी मोकळी टोकं तयार होतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना जाऊन चिकटतो आणि लांब साखळ्या तुकड्या-तुकड्यानं आखूड होत जातात, त्यामुळं चकती नुसती कपाटात पडूनसुद्धा ठिसूळ व्हायची, पृष्ठभागाखाली पांढरा पट्टा पडायचा आणि पेशंटमध्ये गेल्यावर तिथून थर सुटायचे. १९९० च्या दशकात हे कळलं. उपाय म्हणजे पाकिटातली हवा काढली. आणि गंमत अशी की तेच किरण ऑक्सिजन नसताना जास्त डोसनं दिले तर तुटलेल्या साखळ्या शेजारच्या साखळ्यांना जोडल्या जातात, म्हणजे क्रॉसलिंक होतात आणि झीज कमी होते. उरलेले फ्री रॅडिकल संपवायला वितळवतात नाहीतर व्हिटॅमिन ई घालतात. खुब्यात याचा फायदा ठळक दिसला. गुडघ्यात तेवढा एकमुखी नाही, कारण गुडघ्यात संपर्काची जागा छोटी, दाब जास्त, आणि क्रॉसलिंक केलेलं प्लॅस्टिक झिजायला चिवट असलं तरी तडा जायला थोडं कमजोर असतं.

मग टिकतो किती? २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात देशपातळीवरच्या नोंदी एकत्र करून आकडा आला, पूर्ण गुडघा बदललेल्यांत १०० पैकी ८२ गुडघे २५ वर्षं टिकले, अर्धा गुडघा म्हणजे झिजलेली एकच बाजू बदललेल्यांत ७०. आणि हे जुन्या चकत्यांचे आकडे आहेत, २५ वर्षांपूर्वी बसवलेल्या. पण यात "टिकला" म्हणजे परत ऑपरेशन झालं नाही एवढंच. दुखतंय पण परत ऑपरेशन नको म्हणणारी आजी यात यशस्वीच धरली जाते. वयाचा फरक तर मोठा आहे. २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीनंतर ऑपरेशन केलेल्यांना आयुष्यात परत करायची वेळ येण्याची शक्यता साधारण ५ टक्के आली, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांत ३५ टक्क्यांपर्यंत. म्हणून डॉक्टर तरुण पेशंटला थांबा म्हणतात.

आणि तो ३० वर्षांचा दावा? असे दावे सिम्युलेटरवरून, म्हणजे चालण्याची नक्कल करणाऱ्या मशीनवरून येतात. एका कंपनीनं तिचा गुडघा मशीनवर साडेचार कोटी वेळा चालवला आणि त्यावरून ३० वर्षांच्या झिजेचा आकडा काढला. चाचणी खरी आहे. पण मशीनला मॅक्रोफेज नसतात, शुगर नसते, इन्फेक्शन होत नाही, आणि ती बाथरूममध्ये घसरून पडत नाही. आज परत ऑपरेशन लागण्याच्या कारणांत इन्फेक्शन, सैल होणं, गुडघा डगमगणं हीच पुढं आहेत. रोबोचंही तसंच, मापं तो अचूक घेतो हे मान्य, पण दवाखान्यांत आत्ता दिसतायत त्या रोबोंचे २५ वर्षांचे आकडे असूच शकत नाहीत, तेवढा काळच गेलेला नाही.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करतात. पहिले सहा आठवडे त्रासाचे, रात्री दुखतं, आणि व्यायाम इथंच चुकवायचा नसतो. पाय पूर्ण सरळ व्हायला पाहिजे हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे. गुडघा काही महिने गरम लागतो, टाक्याच्या बाहेरच्या बाजूला थोडी कातडी बधिर राहते, आतून टक-टक आवाज येतो, बहुतेक वेळा हे सगळं नेहमीचंच असतं. सुधारणा वर्षभर चालू राहते. तरीही साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, हे ऑपरेशनच्या आधी ऐकलेलं बरं.

आमच्या आत्यानं डॉक्टरांना एकच विचारलं होतं, परत भांगलायला बसता येईल का? नाही येणार. गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो, उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं, आणि ऑपरेशनआधी तुमचा गुडघा जेवढा वाकत होता त्यावर नंतरचं वाकणं सगळ्यात जास्त अवलंबून असतं. जास्त वाकणारा म्हणून विकला जाणारा "हाय फ्लेक्स" घेऊन फार फरक पडल्याचं चाचण्यांत दिसलं नाही. घरी कमोड बसवून घ्या, खुर्ची घ्या, आणि शुगर ऑपरेशनच्या आधी ताब्यात आणा, कारण त्याचा थेट संबंध इन्फेक्शनशी आहे.

खर्चाचं म्हणाल तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला जीएसटी सोडून ५४,७२० रुपये. त्याआधी तोच दीड लाखाच्या वर जायचा. बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा.

आणि दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढायला जा. हाड पोखरताना दुखत नाही, सैल झाल्यावर दुखतं, आणि तोवर हाड कमी उरलेलं असतं. लवकर कळलं तर कधीकधी नुसती चकती बदलून भागतं, पण त्यासाठी कंपनी आणि साइज माहीत पाहिजे. डिस्चार्जच्या फाईलमध्ये इम्प्लांटचे छोटे स्टिकर लावलेले असतात, त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि मुलांनाही पाठवून ठेवा.