हिमनदी आणि आईस क्लाइंबिंग गाईड
हिमनदीवरून किंवा गोठलेल्या धबधब्यावर लोकांना रोपला बांधून नेणारा आणि धडधाकट परत आणणारा व्यावसायिक. ट्रेकचा गाईड वेगळा, त्याला वाट माहीत असली की झालं, इथे काल ज्या जागेवरून गेलो तिथेच आज भेग उघडलेली असते, त्यामुळे वाट पाठ असून उपयोग नाही.

हा धंदा सुरू कधी झाला यावर एकमत नाही. काही जण १७४१ धरतात, त्या वर्षी विंडम आणि पोकॉक हे इंग्रज आल्प्स पर्वतातल्या शामोनी गावात आले आणि गावातल्या लोकांना सोबत घेऊन मेर द ग्लास हिमनदीवर उतरले. पण ते सोबती मुळात शिकारी आणि स्फटिक शोधणारे, गाईडगिरी हा जोडधंदा. दुसरा पक्ष १७८६ म्हणतो, म्हणजे ८ ऑगस्टला जाक बाल्मा आणि डॉक्टर मिशेल पाकार माँ ब्लाँ या आल्प्समधल्या सर्वात उंच शिखरावर पोहोचले ते वर्ष. त्यात परत भांडण आहेच, बाल्माच्या सांगण्यावरून पुढारी तो आणि डॉक्टर मागून ओढत आणलेला असं बराच काळ मानलं जायचं, पण गेर्सडॉर्फ नावाच्या जर्मन सरदाराने त्या दिवशी खालून दुर्बिणीतून बघून केलेल्या नोंदी नंतर समोर आल्या आणि पाकारचं पारडं जड झालं. (शामोनीच्या चौकात बाल्माचा पुतळा १८८७ चा, पाकारला मात्र १९८६ पर्यंत थांबावं लागलं.) आमच्या मते पैसे, पाळी आणि नियम यांच्यासकट 'धंदा' म्हणायचं तर १८२१ हेच साल जास्त पटतं. आदल्या ऑगस्टमध्ये डॉ. हामेलच्या माँ ब्लाँवरच्या चढाईत हिमप्रपात होऊन तीन गाईड भेगेत गाडले गेले, आणि त्यानंतर वर्षभरात शामोनीच्या गाईडांनी आपली कंपनी काढली, मेलेल्यांच्या घरच्यांसाठी मदतनिधी ठेवला. काम नंबरवारीने मिळायचं, ज्याची पाळी त्याचं गिऱ्हाईक, मग तो कसलेला असो वा नवखा, यावर इंग्रज गिर्यारोहक कायम कुरकुरत. फोर्ब्झ या शास्त्रज्ञाने हिमनदीचा वेग मोजून ते तिघे साधारण चाळीस वर्षांनी खाली निघतील असं सांगितलं होतं, आणि १८६१ पासून बोसाँ हिमनदीच्या तोंडाशी त्यांचे अवशेष खरंच निघायला लागले.

कामातला निम्मा भाग बर्फ वाचण्याचा. उघड्या बर्फाच्या हिमनदीला गाईड लोक 'कोरडी' म्हणतात, तिथे भेगा डोळ्यांना दिसतात म्हणून बऱ्याचदा रोपशिवायही फिरवतात. खरा धोका हिमाने झाकलेलीवर, कारण भेगेवर हिमाचा पूल असतो आणि वरून सगळं सपाट. भेगा सहसा ३०-४० मीटरपेक्षा फार खोल जात नाहीत, त्याखाली दाबामुळे बर्फ तुटत नाही, वाहतो, पण पडणाऱ्याला तेवढं पुष्कळ झालं. दोघंच असतील तर मधे साधारण १५ मीटर रोप आणि त्यात गाठी, म्हणजे कोणी पडलं तर गाठ भेगेच्या काठात रुतते. भेग आडवी ओलांडायची, लांबीने चालत बसायचं नाही, आणि पूल रात्रीच्या थंडीने घट्ट असतात तोवर काम उरकायचं, म्हणून निघायची वेळ रात्री एक-दोन.

धबधब्यावरचं गणित वेगळं. तिथे गाईड पुढे चढतो आणि त्याला बिले देतं (म्हणजे खालून रोप धरून तो पडला तर अडवतं) ते गिऱ्हाईक, जे कदाचित कालच बिले शिकलंय, म्हणजे गाईडने पडायचंच नाही असं धरून चालतात. बिलेची जागा बाजूला, शक्यतो खडकाच्या आडोशाला घेतात, कारण वरून बर्फाच्या थाळ्या सुटतात आणि फार कडक थंडीत तर बर्फ काचेसारखा फुटतो. आईस स्क्रू (रोप अडकवायला बर्फात बसवायचा पोकळ स्क्रू) फिरवताना पोकळ नळीतून बर्फाची सलग कांडी बाहेर आली तर जागा चांगली, मधेच हात हलका पडला की आत पोकळी आहे, स्क्रू काढा आणि दुसरी जागा बघा. उतरताना स्क्रू मागे सोडणं परवडत नाही म्हणून दोन तिरकी भोकं आत एकमेकांना मिळवून त्यातून दोरी ओवतात, ही पद्धत अबालाकोव्ह या सोव्हिएत गिर्यारोहकाच्या नावाने चालते.

क्रॅम्पॉनच्या (बुटाखाली बांधायच्या लोखंडी दातांच्या) आधी गाईडची किंमत ठरायची पायऱ्या खोदण्यावर, तासन्‌तास कुऱ्हाड चालवणारा खांदा पाहिजे. एकेनस्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने १९०८ च्या सुमारास दहा दातांचं क्रॅम्पॉन आखलं आणि आंरी ग्रिव्हेल या लोहाराने ते घडवलं. पुढे आलेले दोन दात त्याचा मुलगा लोराँ याने जोडले, साल बहुतेक ठिकाणी १९२९ दिलेलं असतं, काही जण १९३२ देतात, पहिलंच जास्त ग्राह्य वाटतं. तेव्हापासून तोंड बर्फाकडे करून सरळ चढता यायला लागलं आणि खोदाईचं काम हळूहळू गेलं.

परवान्याचं बोलायचं तर ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या गाईडांनी १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ काढला, त्याचा बिल्ला मिळवायला खडक, बर्फ आणि स्की तिन्हीत वर्षानुवर्षं घासावं लागतं. बायका या धंद्यात उशिरा आल्या, ब्रिटनमध्ये ग्वेन मॉफॅट १९५३ ला, फ्रान्समध्ये मार्टीन रोलाँ १९८३ ला.

हिमनद्या आटल्यामुळे कामही बदललंय. मेर द ग्लासवर उतरायला बर्फ खाली खाली जाईल तशा पायऱ्या वाढवत पाचशेच्या वर गेल्या. न्यूझीलंडच्या फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर खालून चालत बर्फावर जाणं २०१२ मध्ये थांबलं, आता गाईड आणि गिऱ्हाईक दोघंही हेलिकॉप्टरने वर उतरतात.