घागर फुंकताना येणारी देवी आणि डीआयडी

अष्टमीच्या रात्री पुण्यातल्या एखाद्या कार्यालयात महालक्ष्मीपुढे घागरी घुमत असतात. उकडीच्या मुखवट्यासमोर फुंकता फुंकता एखादीचा श्वास चढतो, केस सुटतात, आवाज बदलतो. बायका तिची ओटी भरतात, मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारतात. थोड्या वेळाने ती शांत होते, पाणी पिते आणि नवऱ्याच्या स्कूटरवर बसून घरी जाते. यात आजार शोधत बसू नये.

‘म्हणजे मल्टिपल पर्सनॅलिटीच की!’ असं हल्ली सर्रास म्हणतात, म्हणजे एकाच माणसात अनेक व्यक्तिमत्त्वं असण्याचा आजार. दोन्हीकडे नेहमीचा ‘मी’ बाजूला सरतो आणि मागाहून नीट आठवत नाही, साम्य एवढंच. देवी ठरल्या दिवशी, चारचौघांत येते. तो आजार, ज्याचं आजचं नाव डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी, बहुधा लपून राहतो. कपाटात न घेतलेला ड्रेस सापडतो, मधली दुपार कुठे गेली ते कळत नाही आणि माणूस सारवासारव करत राहतो.

त्याची मुळं लहानपणात असतात. तान्ह्या बाळाचं मन एकसंध नसतंच; भुकेलं, घाबरलेलं, खुशीतलं अशा सुट्या अवस्था असतात. जवळचं माणूस दरवेळी सांभाळून घेतं, तेव्हा त्या हळूहळू एकमेकींना जोडल्या जातात. पण ज्याच्या हातून दूध प्यायचं, त्याच्याच हातून वर्षानुवर्षं मार किंवा लैंगिक अत्याचार होत असेल तर? रात्रीचं सगळं ठाऊक असलेला भाग वेगळा राहतो आणि सकाळी दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्याला त्यातलं काही माहीत नसतं. म्हणून ‘मनाचे तुकडे झाले’ म्हणणं मला पटत नाही. ते धड जुळलेलंच नसतं. अर्थात उपचारकाच्या सूचनांमुळेही अशी रूपं आकार घेतात, असं मानणारे तज्ज्ञ आहेत, आणि तो वाद मिटलेला नाही.

गुंता मधल्या जागेत आहे. २०१३च्या डीएसएम-५ने, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेने, ‘झपाटल्यासारखं’ रूपही डीआयडीत धरलं, पण सर्वमान्य धार्मिक प्रथेचा भाग असलेलं अंगात येणं वगळलं. तेव्हा सून सणवार नसताना, स्वतःच्या इच्छेविरुद्ध वारंवार घुमू लागली, नोकरी-संसार कोलमडला, तर मानसोपचारतज्ज्ञच गाठावा. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३पासून कायद्याने गुन्हा आहे. डीआयडी बरा करणारी खास गोळी नाही. आधी सुरक्षितता, मग आठवणी, अशी सावकाश चालणारी मानसोपचाराची वाट असते. कुठे जावं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.