वसाहत आणि बिऱ्हाड

मार्सेच्या जुन्या बंदराजवळच्या एका चौकात 1993 साली बांधकामाआधीचं उत्खनन चाललं होतं, तेव्हा चिखलात जुन्या होड्यांचे सांगाडे सापडले. त्यातली एक होडी इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या अखेरची. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या. कडेला भोकं पाडून त्या दोरीने एकमेकींना शिवल्या होत्या आणि आतून राळेचा लेप दिला होता. त्या लेपात लाल पोवळ्याचे बारीक तुकडे रुतून बसले होते. म्हणजे ही होडी पोवळी काढणाऱ्या कोणाची तरी. शिवलेलं जहाज आपल्याला अगदीच अनोळखी नाही. गोव्यात बांधलेलं आणि 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ही शिवलेलंच आहे. मार्सेची होडी मात्र ग्रीकांची, आणि त्यांचं मूळ गाव तिथून फार लांब होतं.

त्या गावाचं नाव फोकाया. आजच्या तुर्कस्तानात, इझमीरच्या आखाताच्या तोंडाशी ते आहे; आता त्याला फोचा म्हणतात. इ.स.पू. 600 च्या सुमारास तिथले काही लोक भूमध्य समुद्र ओलांडून आजच्या फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांनी मासालिया वसवलं. तेच आजचं मार्से. कथा अशी सांगतात की पाहुणे आले त्या दिवशी तिथल्या राजाच्या मुलीचं स्वयंवर होतं. जमलेल्यांपैकी ज्याच्या हाती ती पेला देईल, तो नवरा. तिने पेला दिला ग्रीक पाहुण्याला, आणि सासऱ्याने जावयाला जमीन दिली. जमीन मिळवण्याच्या अशा गोड गोष्टी नेहमी जमीन मिळवणारेच सांगतात, त्यामुळे मी त्या जरा हात राखूनच घेतो. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने दिलेला तपशील मला जास्त बोलका वाटतो: निघताना त्यांनी वाटेत एफिससहून आर्टेमिस देवीची मूर्ती घेतली आणि अरिस्तार्खा नावाच्या बाईलाही सोबत नेलं. नव्या गावात तीच देवीची पुजारीण झाली. घर सोडलं तरी देव बरोबर.

अशा वसाहतीला ग्रीकमध्ये ‘अपोइकिया’ म्हणत, म्हणजे घरापासून दूर केलेलं घर. ती जमिनीत खुणा ठेवते: तट, बंदर, नाणी आणि मुख्य म्हणजे खापरं. मासालियाच्या कुंभांच्या मातीत अभ्रक असे, त्यामुळे तिथलं खापर उन्हात धरलं की चमचमतं. ऱ्होन नदीच्या काठाने वर वर जात ही चमकणारी खापरं सापडतात, आणि त्यावरून ग्रीकांची वाइन कुठवर पोचली ते कळतं. वाइनचा पुरावा रसायनशास्त्रातही आहे. मार्सेच्या पश्चिमेला लात नावाच्या ठिकाणी मिळालेल्या कुंभांच्या आणि एका दगडी घाण्याच्या तपासणीत टार्टारिक आम्ल सापडलं; तो अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. चिंचेला आंबटपणा देणारं आम्ल हेच. पण त्या किनाऱ्यावर त्या काळी चिंच कुठली? तिथे हे आम्ल सापडलं की द्राक्ष समजायचं. लातचे ते कुंभ इटलीतल्या एट्रुस्कन व्यापाऱ्यांचे होते, म्हणजे या धंद्यात ग्रीक एकटे नव्हते.

आता पावणेआठशे वर्षं पुढे या. इ.स. 177. ऱ्होनने वर गेलं की सोन नदी जिथे तिला मिळते तिथे लुग्दुनुम, म्हणजे आजचं लियों. हीसुद्धा वसाहतच, पण रोमनांची, इ.स.पू. 43 मध्ये सरकारी हुकमाने वसवलेली. त्या वर्षी तिथल्या ख्रिस्ती लोकांवर जमाव उठला. ते माणसं खातात, सख्ख्या नात्यात लग्न करतात, अशा अफवा होत्या. धरपकड झाली, छळ झाला, आणि जे वाचले त्यांनी झाल्या प्रकाराचं एक लांबलचक पत्र लिहिलं. पुढे युसेबियस या बिशपने आपल्या चर्चच्या इतिहासात त्यातले मोठे उतारे घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

पत्र कोणाला लिहिलं होतं? रोमला नाही, शेजारच्या शहरालाही नाही. ‘आशिया आणि फ्रिजियातल्या बंधूंना’, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या मंडळींना. भाषा ग्रीक. पकडलेल्यांत अत्तालोस होता, तो मूळचा तिकडच्याच पर्गामॉनचा. अलेक्झांडर नावाचा वैद्य फ्रिजियाचा, गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखात, बरीच वर्षं राहिलेला. सांक्तुस या डीकनला, म्हणजे चर्चच्या सेवकाला, नाव, गाव, तो गुलाम की स्वतंत्र, काहीही विचारलं तरी त्याचं एकच उत्तर: ‘मी ख्रिस्ती आहे’. आणि हे उत्तर त्याने ‘रोमन भाषेत’ दिलं, असं पत्र मुद्दाम नोंदवतं. लॅटिन बोलणाऱ्या प्रांतात कोणी लॅटिन बोललं याची नोंद कोण करेल? ज्यांच्या घरात दुसरी भाषा चालते तेच. अत्तालोसला रिंगणात फिरवलं तेव्हा त्याच्यापुढे पाटी धरली होती, ‘हा अत्तालोस, ख्रिस्ती’. ती लॅटिनमध्ये होती, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

दंगलीनंतर तिथला बिशप झालेला इरेनेयस हा तर लहानपणी स्मर्नात तिथल्या वृद्ध बिशप पॉलिकार्पचं बोलणं ऐकलेला. स्मर्ना म्हणजे इझमीर. फोकाया ज्या आखाताच्या तोंडाशी, त्याच आखाताच्या आतल्या टोकाला. आपण केल्ट लोकांत राहतो, बहुतेक वेळ त्यांचीच बोली बोलतो, तेव्हा भाषेच्या नजाकतीची अपेक्षा ठेवू नका, असं तो आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला लिहितो. परगावी वीस वर्षं काढलेल्या कुठल्याही माणसाची हीच तक्रार असते.

म्हणजे वाट तीच: आखात, समुद्र, मार्से, ऱ्होन. यात चमत्कार काही नाही, हिशोब आहे. जड माल बैलगाडीने नेण्यापेक्षा जहाजाने नेणं कित्येक पटींनी स्वस्त पडे. 301 सालच्या, रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या दरपत्रकावरून तो फरक काढता येतो. जिथे जहाज जातं तिथे व्यापारी जातो, व्यापाऱ्याबरोबर कारागीर, वैद्य, गुलाम. नव्या गावात उतरल्यावर माणूस आधी आपली भाषा बोलणारा शोधतो. श्रद्धाही अशाच ओळखीपाळखीतून सरकत गेली असावी.

फरक आहे तो राहण्याच्या पद्धतीत, आणि तो पत्राच्या पहिल्याच ओळीत आहे. लियों आणि ऱ्होनच्याच काठच्या व्हिएन गावचे हे लोक स्वतःसाठी ‘पारोइकून्तेस’ हा शब्द वापरतात. अपोइकिया म्हणजे दूर वसवलेलं घर. पारोइकिया म्हणजे दुसऱ्याच्या घराशेजारी, हक्काशिवाय राहणं. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली वसाहत, दुसरं बिऱ्हाड. याच पारोइकियापासून पुढे ‘पॅरिश’ झालं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. वसईकडे त्याला धर्मग्राम म्हणतात. बिऱ्हाडाचं गाव झालं, शब्दातसुद्धा.

बिऱ्हाडकरू जमिनीत फारसं काही ठेवत नाही. भाड्याच्या खोलीत जमायचं, भाकर मोडायची, उठून जायचं. ती खोली उत्खननात सापडली तरी ओळखणार कशी? सीरियातल्या ड्युरा-युरोपसमध्ये ख्रिस्ती सभेसाठी बदलून घेतलेलं एक घर मिळालं आहे, पण ते साधारण 240 च्या सुमाराचं. लियोंमध्ये दगडात उरलं आहे ते छळ करणाऱ्यांचं रिंगण. ते नेमकं कोणतं, हे 1958 मध्ये सापडलेल्या शिलालेखाने पक्कं झालं. इ.स. 19 च्या सुमारास गायस युलियस रूफस या गॉलमधल्या बड्या असामीने ते बांधून घेतल्याचं त्यावर कोरलेलं आहे. ब्लांदिना ही गुलाम मुलगी तिथेच खांबाला बांधली गेली. तिचं नाव दगडाने नाही, पत्राने राखलं.

मृतदेह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले, आणि राख ऱ्होनमध्ये लोटली. आता उठतात का बघू, असं लोक म्हणाल्याचं पत्रात आहे. ऱ्होन लियोंपासून दक्षिणेला वाहते आणि मार्सेच्या थोडं पश्चिमेला समुद्राला मिळते. पत्रही बहुधा त्याच वाटेने गेलं.