प्रथिने व रोगप्रतिकारक्षमता

आहारातील प्रथिनांचा संसर्गाला तोंड देण्याच्या शारीरिक क्षमतेशी असलेला संबंध. प्रतिपिंडे, पूरक प्रथिने (प्रतिपिंडांना जंतुनाशात साहाय्य करणारी रक्तातील प्रथिने) व सायटोकाइने (पेशींमधील संदेशवाहक रेणू) ही स्वतः प्रथिनेच होत. श्वेत पेशींच्या विभाजनालाही ॲमिनो अम्ले लागतात.

प्रथिन-ऊर्जा न्यूनतेत सर्वाधिक झळ पेशीय प्रतिक्षमतेला (प्रतिपिंडांऐवजी पेशींमार्फत होणाऱ्या प्रतिकाराला) बसते. यौवनलोपी ग्रंथी (थायमस) आक्रसते, तेथे पक्व होणाऱ्या टी-लसीका पेशी (श्वेत पेशींचा एक प्रकार) घटतात आणि क्षयाचा संसर्ग असूनही ट्युबरक्युलिन ही त्वचेवरील चाचणी नकारार्थी येऊ शकते. प्रतिपिंडांचे चित्र इतके सरळ नाही. रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन जी हे प्रतिपिंड बहुधा प्राकृत, क्वचित वाढलेलेही आढळते. श्लेष्मकलेवरील (आतडे, श्वसनमार्ग इत्यादींच्या ओलसर अस्तरावरील) स्रावी इम्युनोग्लोब्युलिन ए मात्र कमी होते.

उलट दिशेने, संसर्गात भूक मंदावते, स्नायूंतील प्रथिने मोडतात व नायट्रोजन मूत्रावाटे जातो. पोषणतज्ज्ञ नेव्हिन स्क्रिमशॉ व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या प्रबंधात या परस्परवर्धक संबंधाची सविस्तर मांडणी आहे.

प्रथिनन्यूनतेचे ठळक उदाहरण म्हणून क्वाशिओरकोर या अंगावर सूज आणणाऱ्या बालरोगाकडे बोट दाखवले जाई. गोल्ड कोस्टमधील (आताचा घाना) मक्यावर वाढलेल्या मुलांत डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी त्याचे १९३३ मध्ये वर्णन केले. गा या तेथील भाषेतील हे नाव त्यांनी १९३५ मध्ये वापरले. पाठचे भावंड आल्यावर थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ सामान्यतः दिला जातो. प्रथिनांची कमतरता हेच कारण, हे मत पुढे इतके रुजले की ‘प्रथिन तुटवडा’ हा जागतिक प्रश्न मानला गेला. हैदराबाद येथे पोषणशास्त्रज्ञ चि. गोपालन यांना मात्र क्वाशिओरकोर व सुकटी (मरास्मस, सूज न येता शरीर वाळत जाणारे कुपोषण) झालेल्या मुलांच्या पूर्वीच्या आहारांत गुणात्मक फरक आढळला नाही. डोनाल्ड मॅक्लारेन यांनी १९७४ मध्ये प्रथिनकेंद्री धोरणावरच टीका केली. मायकेल गोल्डन यांनी मुक्त मूलकांमुळे (पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंमुळे) होणारी हानी पुढे केली, तर मलावीतील जुळ्यांच्या अभ्यासाने (२०१३) आतड्यातील सूक्ष्मजीवांकडे लक्ष वेधले. एकही उपपत्ती सर्वमान्य नाही. केवळ प्रथिनन्यूनतेची सर्वांत दुबळी वाटते. उपचारही तेच सुचवतात : तीव्र कुपोषणात सुरुवातीला कमी प्रथिनांचे एफ-७५ हे खास उपचारासाठी बनवलेले दूध देतात. संसर्ग असूनही ताप नसू शकतो, म्हणून प्रतिजैविकेही देतात.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम उत्तम प्रतीचे प्रथिन पुरेसे धरले जाते. न्यूनता नसताना जादा प्रथिनांनी प्रतिकारक्षमता वाढते, असे म्हणण्यास भक्कम आधार नाही. एकाहून अधिक इंद्रिये निकामी झालेल्या अत्यवस्थ रुग्णांना ग्लुटामीन हे ॲमिनो अम्ल दिल्यावर मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे २०१३ मधील एका मोठ्या चाचणीत आढळले.