मॉनमथ कोर्टातला छापखाना: जेम्स कॅटनॅक आणि एका पेनीचे साहित्य

इंग्लंडमधल्या मोठ्या ग्रंथालयांत एकपानी पत्रकांचे गठ्ठे जपून ठेवलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतली ही पत्रके. कुठे प्रेमाचे गाणे, कुठे खुनाची हकिकत, कुठे फाशी जाणाऱ्याचा कबुलीजबाब. लेखकाचे नाव जवळजवळ कधीच नसते, तारीखही क्वचितच. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरे, झिजलेले, शाई पसरलेली, वरच्या चित्राचा खालच्या मजकुराशी संबंध असेलच असे नाही. तळाची एक ओळ मात्र सहसा चुकत नाही: छापणाऱ्याचे नाव आणि पत्ता. त्यातल्या कितीतरी कागदांवर लिहिलेले असते, ‘जे. कॅटनॅक, मुद्रक, २, मॉनमथ कोर्ट, सेव्हन डायल्स’. इथे कोर्ट म्हणजे न्यायालय नव्हे, लंडनच्या सेव्हन डायल्स वस्तीतला एक बोळ.

ही ओळ कायद्याच्या धाकाने आलेली आहे. फ्रान्समध्ये राजाचे मुंडके उडाले आणि इंग्लंडच्या सत्ताधाऱ्यांना छापील कागदाची भीती वाटू लागली. १७९९ च्या कायद्याने प्रत्येक छापयंत्राची नोंद करणे बंधनकारक झाले. प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव-पत्ता हवा आणि त्याची एक प्रत सहा महिने जपून ठेवायला हवी, असा नियम झाला. राजद्रोही मजकूर निघाला तर कोणाची मान धरायची हे सरकारला कळावे, एवढाच हेतू. पण त्या धाकामुळे आज आपल्याला रस्त्यावरच्या साहित्याचा इतिहास लिहिता येतो. कवी हरवले, मुद्रक उरले. पत्त्यांवरून कागदांचा काळही ठरवता येतो. कॅटनॅकचा प्रतिस्पर्धी जॉन पिट्स १८१९ मध्ये ग्रेट सेंट अँड्र्यू स्ट्रीटवरच्या १४ क्रमांकाच्या घरातून ६ क्रमांकात गेला. त्यामुळे १४ क्रमांक असलेला त्याचा कागद त्याआधीचा, हे बिनतारखेचेही समजते.

या धंद्याचे मूळ कळायला आधी पैशांचा हिशेब पाहायला हवा. तेव्हाचा एक पौंड म्हणजे २० शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे १२ पेनी. वॉल्टर स्कॉटची १८२१ ची ‘केनिलवर्थ’ ही तीन खंडांची कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना होती, म्हणजे ३७८ पेनी. मजुराने ती विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. वर्तमानपत्राचीही तीच गत. १८१५ मध्ये वर्तमानपत्रावरचा मुद्रांक कर चार पेनींवर गेला आणि एका अंकाची किंमत साधारण सात पेनी झाली. १८१९ मध्ये आणखी कडक कायदा आला आणि स्वस्त राजकीय पत्रेही या कराच्या जाळ्यात ओढली गेली. गरिबांनी राजकारण वाचू नये, हा त्यामागचा उघड विचार होता. अर्ध्या किंवा एका पेनीला विकले जाणारे गाण्याचे वा फाशीचे पत्रक मात्र या जाळ्यातून निसटले. राजकारण महाग आणि खून स्वस्त, अशी ही सरकारने घडवलेली बाजारपेठ होती. पुढे याच पत्रकांना हीन अभिरुचीचे म्हणून नावे ठेवणाऱ्यांनी या कराचा उल्लेख सहसा केला नाही.

वाचणारे लोक तर वाढतच होते. १७८० नंतर रविवारच्या शाळा देशभर पसरल्या होत्या. कित्येक शाळांत मुलांना वाचायला शिकवत, लिहायला नाही. बायबल वाचता आले म्हणजे पुरे, अशी समजूत होती. पण अक्षर एकदा डोळ्यांना ओळखीचे झाले की ते फक्त बायबलमध्येच वाचले जाईल याची हमी कोण देणार? हे धोक्याचे वळण धर्मनिष्ठ लेखिका हॅना मोर यांनी वेळीच ओळखले. १७९५ पासून त्यांनी अगदी रस्त्यावरच्या चोपड्यांसारख्या दिसणाऱ्या, तशाच चित्रांच्या आणि तशाच स्वस्त नीतिकथा छापवल्या. वर्षभरात त्यांच्या वीस लाख प्रती गेल्या असे सांगितले जाई. मात्र त्यातल्या पुष्कळशा श्रीमंतांनी गठ्ठ्याने घेऊन गरिबांना फुकट वाटल्या होत्या. गरीब माणूस स्वतःच्या खिशातली पेनी कशासाठी काढतो, हे पाहायचे तर सेव्हन डायल्सलाच जायला हवे.

सेव्हन डायल्स म्हणजे लंडनमधल्या कोव्हेंट गार्डनजवळचा सात रस्ते एकत्र येणारा नाका. १६९० च्या दशकात थॉमस नील याने तो सभ्य वस्तीसाठी आखला होता. मध्ये छायाघड्याळांचा खांब होता. तो १७७३ मध्ये काढून टाकला गेला. तोवर वस्तीची रया गेली होती. एकेका खोलीत एकेक कुटुंब, आयरिश मजूर, जुन्या कपड्यांची आणि पक्ष्यांची दुकाने, जागोजागी दारूचे गुत्ते. १८०२ मध्ये पिट्सने इथे छापखाना थाटला. त्याआधी अठराव्या शतकात गाण्यांच्या आणि चोपड्यांच्या धंद्यावर डायसी घराण्याची सत्ता होती, तीही जुन्या लंडन शहरात. नाटकगृहे, बाजार आणि फिरते विक्रेते सगळे हाताशी असल्याने हा धंदा पुढे सेव्हन डायल्समध्ये स्थिरावला.

जेम्स कॅटनॅक इथे आला १८१३ मध्ये, एकविसाव्या वर्षी. जन्म १७९२ चा, इंग्लंडच्या उत्तर टोकाच्या अ‍ॅनिक गावातला. वडील जॉन कॅटनॅक हेही मुद्रकच, आणि चांगले मुद्रक. थॉमस ब्यूइक हा लाकडावर कोरीव चित्रे काढणारा त्या काळचा सर्वश्रेष्ठ कलावंत. त्याच्या ठशांनी सजवलेली देखणी पुस्तके जॉन यांनी छापली होती. पण सुंदर पुस्तकांनी घर चालले नाही. अ‍ॅनिक सोडून न्यूकॅसल, तिथून कर्ज डोक्यावर घेऊन लंडन. १८१३ मध्ये ते वारले. मुलाच्या अंगावर आई आणि बहिणी, आणि वारशात एक जुने लाकडी छापयंत्र, झिजलेले खिळे आणि काही ठोकळे. कॅटनॅकच्या दोन दिडक्यांच्या पत्रकावर अधूनमधून एखादे विलक्षण नाजूक चित्र दिसते आणि माणूस थबकतो, त्याचे मूळ या वारशात आहे. बापाच्या फसलेल्या स्वप्नाचे तुकडे मुलाने गल्लीतल्या गाण्यांवर चिकटवले, आणि ज्यांच्या घरी कधी चित्र आले नसते त्यांच्या भिंतीवर ते लागले.

गाणी लिहिणारे कवी वस्तीतलेच. एका गाण्याचा ठरलेला दर एक शिलिंग, आणि त्यावरचा सगळा हक्क मुद्रकाचा. कॅटनॅकने गाण्यांची चाल तपासायला एक व्हायोलिनवाला ठेवला होता असे सांगतात. कागदावर स्वरलिपी नसे. चाल लोकांच्या कानात आधीपासून असायची किंवा विकणारा ती गाऊन दाखवायचा. कॅटनॅक स्वतःही जुळवाजुळव करी. कागदावर काही न उतरवता थेट खिळे उचलून कडवी रचत असे, ही त्याच्याबद्दलची आठवण धंद्यातल्या जुन्या लोकांनी सांगितलेली आहे.

विक्री फेरीवाल्यांच्या गळ्यावर चाले. रस्त्यात धावत ‘भयंकर, अघोरी’ एवढेच दोन-चार शब्द मोठ्याने ऐकू जातील असे ओरडणारे वेगळे, नाक्यावर चित्राची पाटी उभारून एका जागी कहाणी सांगणारे वेगळे, गाणारे वेगळे. कोणी लांब काठीवर गाण्यांचे पट्टे चिकटवून ‘पेनीला तीन यार्ड’ असे पुकारत फिरे. बातमी नसेल त्या दिवशी बनावट बातमी विकली जाई. आग, पळून गेलेली नवरी, द्वंद्वयुद्ध, अशी कोणत्याही गावाला लावता येणारी हकिकत तयारच ठेवलेली असे.

मालाचा आवाका पाहिला तर या माणसाला नुसता खुनांचा छापणारा म्हणणे अन्यायाचे वाटते. मुलांसाठी पाव पेनीपासूनच्या चित्रांच्या चिमुकल्या चोपड्या. नाताळात मोठ्या कागदावर भक्तिगीते. खलाशांची, शिकाऱ्यांची, फसवल्या गेलेल्या मुलींची गाणी. १८२० मध्ये चौथ्या जॉर्ज राजाने राणी कॅरोलाइनला घटस्फोट देण्यासाठी संसदेत विधेयक आणले तेव्हा रस्ता राणीच्या बाजूने होता, आणि कॅटनॅकची यंत्रे रस्त्याच्या बाजूने. नोव्हेंबरमध्ये सरकारला विधेयक सोडून द्यावे लागले. कर लावून राजकारण गरिबांपासून दूर ठेवायचा बेत त्या वर्षी गाण्यांच्या वाटेने फसला. पिअर्स एगनची ‘लाइफ इन लंडन’ ही कादंबरी १८२१ मध्ये गाजली, तर कॅटनॅकने तिचीच गोष्ट ओबडधोबड चित्रांसह एका कागदावर आणून दोन पेनींना विकली. मूळ लेखकाला त्यातले काही मिळाल्याचे दिसत नाही.

आणि मग थर्टेलचे प्रकरण. २४ ऑक्टोबर १८२३ रोजी रॅडलेटजवळ जुगाराच्या वैरातून विल्यम वेअरचा खून झाला. जॉन थर्टेलला ९ जानेवारी १८२४ रोजी हर्टफर्डला फाशी दिले. या खुनाच्या हकिकतीच्या अडीच लाख आणि नंतर खटल्याच्या वृत्तांताच्या पाच लाख प्रती कॅटनॅकने काढल्या, यातल्या पाच लाख तर आठ दिवसांत, चार यंत्रे रात्रंदिवस चालवून, असे त्याचे चरित्र १८७८ मध्ये लिहिणाऱ्या चार्ल्स हिंडलीने नोंदवले आहे. हा आकडा मी ताडून पाहिला. पाच लाख भागिले आठ म्हणजे दिवसाला साडेबासष्ट हजार. चार यंत्रांत वाटले तर एका यंत्राला तासाला साडेसहाशे, तेही चोवीस तास न थांबता. हातयंत्र तासाला दोनशे ते अडीचशे कागद देते. म्हणजे एका मोठ्या कागदावर तोच मजकूर निदान तीन वेळा जुळवून, छापून मग कापला असेल तरच हे जमते. हिंडलीने माहिती म्हाताऱ्या फेरीवाल्यांकडून गोळा केली होती. आकडे थोडे फुगलेले असणारच. अर्धे धरले तरी ते थक्क करणारे आहेत. कवी बायरनच्या ‘द कॉर्सेअर’ या काव्याच्या १८१४ मध्ये एका दिवसात दहा हजार प्रती खपल्या आणि त्याचे आजही नवल केले जाते.

या प्रकरणातली एक गोष्ट फार सांगितली जाते. मागणी ओसरल्यावर ‘वी आर अलाइव्ह अगेन’, म्हणजे ‘आम्ही पुन्हा जिवंत आहोत’, अशा मथळ्याचे पत्रक निघाले. इंग्रजीत ‘आम्ही आहोत’ (WE ARE) या दोन शब्दांमधली जागा जवळजवळ मिटवलेली, त्यामुळे ‘वेअर पुन्हा जिवंत’ असे वाचले जाई. फसलेल्या लोकांनी पेनी उकळणाऱ्या मालाला ‘कॅचपेनी’ म्हटले आणि तो शब्द कॅटनॅकवरून पडला, असे पुढे जोडतात. ते खरे नाही. तो शब्द कॅटनॅकच्या जन्माआधीपासून इंग्रजीत आहे.

१८२८ मध्ये सफोकमधल्या पोलस्टेड गावच्या मारिया मार्टेन या तरुणीच्या खुनासाठी विल्यम कॉर्डरला फाशी झाली. ११ ऑगस्टला बरी सेंट एडमंड्सला हजारो लोक जमले. त्याच्या ‘अखेरच्या कबुलीजबाबा’च्या ११,६६,००० प्रतींचा आकडा कॅटनॅकच्या नावावर सांगतात. अशा पत्रकांत आदल्या रात्री कैद्याने कोठडीत लिहिलेली म्हणून कडवी असत. ती सेव्हन डायल्समध्ये एका शिलिंगात लिहिली गेलेली असत आणि फाशीच्या आधीच छापून तयार असत. ‘तरुणांनो, माझ्यापासून धडा घ्या’ हा त्यांचा ठरलेला सूर. यात एका मरणाऱ्या माणसाच्या तोंडी खोटे शब्द घालण्याचा निर्दयपणा होता, तो नाकारता येत नाही. पण वाचणाऱ्याने त्यात काय शोधले हेही पाहायला हवे. मारिया ही शेतातले ‘मोल’ हे जमीन पोखरणारे प्राणी पकडून पोट भरणाऱ्याची मुलगी, कॉर्डर बऱ्या घरचा शेतकरी. अशा मुलीला न्याय मिळाल्याची गोष्ट कामकरी घरांतून पुन्हा पुन्हा गायली गेली, यात मला नुसती रक्ताची चटक दिसत नाही.

कॅटनॅकने मात्र जिवंत माणसांचीही गय केली नाही. ड्रुरी लेनमधल्या एका खाटकाच्या सॉसेजमध्ये माणसाचे मांस असते, अशी अफवा त्याने छापली. खाटकाच्या दुकानावर जमाव चालून गेला. १८१८ मध्ये या बदनामीसाठी कॅटनॅकला सहा महिने क्लर्कनवेलच्या तुरुंगात काढावे लागले आणि तेवढा काळ आई-बहिणींनी छापखाना चालवला. शिक्षा योग्यच होती.

त्याच्याकडे येणारे पैसे सगळे तांब्याचे. वस्तीत तापाची साथ असल्याने नाणी व्हिनेगर आणि पोटॅशच्या पाण्यात उकळून घेत, आणि खोटी निघालेली नाणी त्याने मागच्या स्वयंपाकघराच्या फरशीत गिलाव्यात बसवली, असे हिंडली सांगतो.

१८३८ मध्ये बहीण अ‍ॅन राइल हिच्या हाती छापखाना देऊन तो बार्नेटजवळ एका जुन्या खानावळीच्या घरात राहायला गेला. १ फेब्रुवारी १८४१ रोजी वारला. हायगेटच्या दफनभूमीत त्याला पुरले. वर्तमानपत्रावरचा कर १८३६ मध्येच एका पेनीवर आला होता. १८५५ मध्ये तो उठला आणि एका पेनीत रोजचा अंक मिळू लागला. १८६८ मध्ये जाहीर फाशी बंद झाली. कॅटनॅकच्या वारसांनी धंदा त्यानंतरही काही वर्षे रेटला.

पुढे १९०० च्या सुमाराला लोकगीतांचे संग्राहक सायकलवरून इंग्लंडची खेडी फिरू लागले. अशिक्षित म्हाताऱ्यांच्या तोंडून शतकानुशतके चालत आलेली शुद्ध मौखिक गाणी टिपायची, या श्रद्धेने ते निघाले होते. म्हाताऱ्यांनी गाणी गायली. टिपून घेतलेली कडवी जुन्या गठ्ठ्यांशी ताडून पाहिली, तेव्हा त्यांतली मोठी संख्या छापील पत्रकांवर सापडली, आणि कितीतरी कागदांच्या तळाशी तीच ओळ होती: २, मॉनमथ कोर्ट, सेव्हन डायल्स.