ऑनलाइन विक्रीतील फसवणूक (ग्रामीण विदर्भ)

जुनी दुचाकी, फवारणीचा पंप, सोफा, शेळी, बैलजोडी असे काही इंटरनेटवर विकायला काढणाऱ्याला गिऱ्हाईक बनून लुबाडण्याचा प्रकार. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा तालुक्याच्या ‘खरेदी-विक्री’ व्हॉट्सॲप गटावर जाहिरात पडली, की तासाभरात पहिला फोन येतो. तो पुष्कळदा खऱ्या गिऱ्हाइकाचा नसतो.

विदर्भातल्या बैलबाजारात सावध राहायचे ते घेणाऱ्याने. दात मोजायचे, खूर बघायचे, जोडी चालवून पाहायची. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, इसार हातावर पडतो, पावती फाटते. विकणाऱ्याकडे पैसा फक्त येतो. “मी तं विकून राह्यलो, माह्यं काय जाते?” ही समजूत तिथे खरी होती. ठगाचे सगळे भांडवल म्हणजे हीच समजूत.

फौजी गिऱ्हाईक. सर्वांत रुळलेला प्रकार. बोलणे हिंदीत चालते आणि विदर्भात हिंदीचे कुणाला वावडे नसल्याने त्यात वावगे वाटत नाही. समोरचा सांगतो, की तो सैन्यात आहे, बदली झाली आहे, बघायला येता येत नाही, गाडी न्यायला माणूस पाठवतो. सोबत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र. ही कागदपत्रे बहुधा आधी फसवलेल्या दुसऱ्या कुणाची तरी असतात. खरी खूण वेगळीच: तो भाव करत नाही. पंचवीस हजार सांगितले तर पंचवीस हजार. घासाघीस न करणारे गिऱ्हाईक बाजारात भेटले असते, तर दलालानेही दोनदा वळून पाहिले असते.

मग तो पाच रुपये खरोखर पाठवतो. ते जमा झाले, की विश्वास बसतो. पाठोपाठ क्यूआर कोड येतो: “स्कॅन करा, पिन टाका, रक्कम जमा होईल.” २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत पिन लागतो तो पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिनही लागत नाही, स्कॅनही नाही. एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असले, तर हा प्रकार जवळपास संपतो. खात्यातून पाच हजार गेले, की समोरून आवाज येतो, “गलती से हो गया भैया, दूसरा कोड भेजता हूँ, दोनों वापस आएंगे.” पहिले परत मिळवायच्या घाईत माणूस दुसरे आणि तिसरेही घालवतो, तेही फोन न ठेवता. पैसे मागणारी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ व्यक्ती-व्यक्तींच्या व्यवहारांपुरती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर कोड मात्र आहेच.

खोटा मेसेज. पैसे टाकल्याचा बनावट स्क्रीनशॉट, किंवा बँकेच्या भाषेत लिहिलेला पण साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला एसएमएस. कधी त्यात जास्तीची रक्कम दाखवून ‘वरचे परत करा’ म्हणतात. मेळघाटासारख्या भागात रेंज ये-जा करते, त्यामुळे ‘बँकेचा मेसेज उशिरा येईल’ हे सहज पटते. स्वतःच्या ॲपमध्ये शिल्लक बघावी किंवा शाखेत पासबुक भरून घ्यावे, आणि तोवर वस्तू अंगणाबाहेर जाऊ देऊ नये.

मधला माणूस. यात विकणारा आणि घेणारा दोघेही खरे असतात. ठग तुमची जाहिरात उचलून कमी भावात स्वतःच्या नावाने टाकतो. त्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला तुमच्या दारी पाठवतो आणि तुम्हाला सांगतो, “माझा साळा येतोय, त्याच्याशी पैशाचं बोलू नका.” गिऱ्हाइकालाही तेच सांगून ठेवलेले असते. तो ट्रॅक्टर फिरवून बघतो, पसंत करतो, पैसे ठगाला पाठवतो आणि चावी मागतो. मग दोन भल्या माणसांचे भांडण दारातच पेटते. उपाय बैलबाजाराचाच: दारी आलेल्या माणसाशी भाव स्वतः बोलावा.

वाहन विकताना बँकेच्या शाखेत बसून व्यवहार केलेला बरा. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० भरतात; व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. कोऱ्या नमुन्यावर सही देऊ नये. फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप सांगण्यावरून कधीच घेऊ नये.

फसल्यावर. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी रोखता येते ती याच वेळात. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते, आणि हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उशीर होतो तो बहुतेक लाजेने. फोन पोराच्या हातात, खाते बापाचे आणि त्यात कापसाचा चुकारा. मग घरी सांगायचेच दोन दिवस राहून जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, खातेदाराच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे.